सातऱ्यावरचा वाचक

मराठी समीक्षेत वाचकाविषयी जे लिहिले गेले आहे, त्यात वाचक क्वचितच भेटतो. भेटते ती त्याची संकल्पना. संस्कृत काव्यशास्त्राने 'सहृदय' घडवला. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, असा तो अभिनवगुप्ताचा सहृदय. वोल्फगांग इझर याने 'अभिप्रेत वाचक' दिला. तो संहितेच्या पोटातच राहतो, त्याला घरदार नसते. पुढे मराठीत या संज्ञांची ये-जा वाढली आणि 'सामान्य वाचक', 'ग्रामीण वाचक', 'नवशिक्षित वाचक' असे गटही पाडले गेले. पुस्तक हाती आले तेव्हा त्याची बांधणी शाबूत होती की नाही, पहिली पाने होती की नव्हती, ते कितव्या दिवशी परत करायचे होते, हे प्रश्न मात्र वाङ्मयबाह्य ठरले. अभिरुचीच्या घडणीत ते खरोखरच बाहेरचे आहेत का, याचा निर्णय संकल्पनेच्या पातळीवर लागणे कठीण. त्यासाठी एखादा वाचक त्याच्या आवडीनिवडींसह, खोडींसह आणि गावासह पाहावा लागतो.

असा एक वाचक भिवापूरला आहे. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा हा तालुका. एका अंगाला भंडारा जिल्ह्यातील पवनी, दुसऱ्या अंगाला चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड. गावाची ख्याती मिरचीमुळे. भिवापुरी मिरचीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरचीचे देठ खुडण्याचे काम जेथे चालते त्याला या भागात 'सातरा' म्हणतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सातऱ्यावर लाल मिरचीचे ढीग पडतात, बायका ओळीने बसून देठ खुडतात आणि खुडलेल्या मिरचीच्या वजनावर त्यांना मजुरी मिळते. ते वजन वहीत मांडणारा तो दिवाणजी. ज्या वाचकाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याने असे दिवाणजीपण चाळीसहून अधिक वर्षे केले. आता वय सत्तरीला टेकले आहे. बायका त्यांना दिवाणजी म्हणतात, गावही तेच म्हणते. येथेही तेच पुरेसे आहे.

दिवाणजी मॅट्रिकपर्यंत शिकले. वाचनाची सवय गावातल्या सार्वजनिक वाचनालयाने लावली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे गावोगावच्या वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. त्या अनुदानावर उभी असलेली, चार कपाटांची आणि एका पंख्याची जी असंख्य वाचनालये महाराष्ट्रात आहेत, त्यांतलेच हे एक. तेथे पुस्तक निवडण्याची सोय फारशी नव्हती. पुस्तके येत, ती वाचली जात. सतीश काळसेकरांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या २०१० च्या पुस्तकात, ज्याला २०१३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, एका महानगरी वाचकाचे ग्रंथवेड दिसते. तो वाचक पुस्तकांच्या शोधात निघतो. भिवापूरच्या वाचकाला निघण्यासारखी जागा एकच, नागपूरचे सीताबर्डी, आणि तेथेही पैसे वसुलीचे, स्वतःचे नव्हेत. तेव्हा त्याची अभिरुची नाकारण्यातूनच घडू शकत होती. आलेल्यातले काय सोडायचे, हे त्याच्या हाती होते.

नाकारण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. वाचनालयाच्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. दिवाणजी पुस्तक उघडतात ते तेथून. पुस्तक किती जणांनी नेले हे त्यांना पाहायचे नसते. किती दिवसांनी आणले हे पाहायचे असते. दुसऱ्याच दिवशी परत आलेले पुस्तक एकतर एका बैठकीत संपवलेले किंवा एका बैठकीत टाकलेले. यांतले कोणते, हे चिठ्ठी सांगत नाही. पानांच्या कडा सांगतात. बोटांचा मळ ज्या पानापर्यंत चढलेला असतो तेथपर्यंत गाव पोहोचलेले असते. एका पुरस्कारप्राप्त कादंबरीच्या कडा चाळिसाव्या पानापर्यंत मळलेल्या होत्या आणि पुढे शुभ्र. दिवाणजींनी ती मुद्दाम नेली. चाळीस ते पन्नास ही दहा पाने आधी वाचली, मग पहिल्यापासून सगळी. लोक जेथे थांबले तेथे लेखकाने एक स्वप्न घातले होते. गावाने ती सोडली म्हणून ती वाईट, असे त्यांचे म्हणणे नाही. ती कादंबरी त्यांना आवडलीही. पण स्वप्न कथेत आले की वाचणारा जागा होतो, ही त्यांची तक्रार आजही आहे. त्यांनी स्वतः वाचलेल्या पुस्तकांना मळाऐवजी फिकट लाल डाग असतात. मिरचीचा खकाणा बोटांवरून जात नाही. काही सभासद असे पुस्तक नेत नसत, कारण पान उलटताना बोट जिभेला लावण्याची सवय असलेल्याचे त्यात हाल होत.

प्रस्तावना ते शेवटी वाचतात किंवा वाचत नाहीत. दिवाळी अंक त्यांच्या वाट्याला चैत्र-वैशाखात येतात, इतर सभासदांचे झाल्यावर. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली, ती दिवाणजींच्या लेखी उन्हाळ्यातली आहे. कादंबरीचे मोजमाप त्यांनी अनेक वर्षे पानांत केलेच नाही, गाडीत केले. नागपूर-नागभीड ही अरुंद मापाची रेल्वे भिवापुरावरून जात असे. वसुलीसाठी महिन्यातून एकदा इतवारीला जाणे होई. जाताना-येताना संपे ती 'एका गाडीची' कादंबरी, पुढच्या खेपेपर्यंत ठेवावी लागे ती 'दोन गाड्यांची'. ती गाडी इतकी सावकाश चाले की एका गाडीत पुष्कळ मजकूर मावे. २०१९ च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी तो मार्ग बंद झाला. बसमध्ये अक्षरे हलतात. त्यानंतर लघुकादंबरी हा प्रकारच त्यांच्या वाचनातून हळूहळू निघून गेला. अभिरुचीतील असा बदल एखाद्या सर्वेक्षणात नोंदला गेला असता, तर त्याचे कारण वयात किंवा बदलत्या जीवनदृष्टीत शोधले गेले असते.

काही ग्रंथ त्यांच्या वाचनात मोजलेच जात नाहीत. तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'चे एकेचाळीस अध्याय त्यांनी अनेकदा म्हटले आहेत. पण तो पाठ, वाचन नव्हे. शेजारच्या कुही तालुक्यातील अंभोऱ्याला, वैनगंगेच्या काठी, मुकुंदराजाने 'विवेकसिंधू' लिहिला अशी विदर्भातील परंपरा आहे. अभ्यासकांचा दुसरा पक्ष हा मान मराठवाड्यातील आंबेजोगाईला देतो. दिवाणजी अंभोऱ्याला पुष्कळदा गेले आहेत. 'विवेकसिंधू' मात्र त्यांनी चार पाने वाचून ठेवून दिला. मराठीतील आद्यग्रंथ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो हाकेच्या अंतरावर लिहिला गेला असे मानणाऱ्या माणसाला तो वाचावासा वाटू नये, यात विसंगती नाही. तो ग्रंथ त्यांच्या मते देवळाचा आहे, कपाटाचा नाही.

कपाटातल्या पुस्तकांना त्यांची कसोटी एकच, आणि ती कठोर आहे: पुस्तकातले काम खरे आहे का? एका ग्रामीण म्हणून गाजलेल्या कादंबरीत आषाढात लाल मिरचीचा तोडा चालला होता. पावसाळ्यात रोप लागते, हिवाळ्यात झाडावर मिरची लाल होते, हे या भागातल्या पोरालाही ठाऊक. दिवाणजींनी त्या पानावर कादंबरी मिटली. ॲरिस्टॉटल येथे लेखकाच्या बाजूने उभा राहिला असता. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा लहान दोष, ती हरिणीसारखी न दिसणे हा मोठा, असे त्याने 'काव्यशास्त्रा'त म्हटले आहे. विंदा करंदीकरांच्या १९५७ च्या मराठी अनुवादामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही ते परिचित आहे. तत्त्व म्हणून हे बिनतोड आहे. पण ॲरिस्टॉटलचे उदाहरण अशा प्रेक्षकासाठी आहे, ज्याचे पोट हरिणीवर अवलंबून नाही. ज्याने चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या कामाचे वजन केले, त्याच्या दृष्टीने कामाविषयीची चूक ही माहितीची चूक राहत नाही. लेखकाने त्या माणसांकडे नीट पाहिलेले नाही, याचा तो पुरावा होतो. मग त्याच लेखकाने सांगितलेल्या त्यांच्या दुःखावर का विश्वास ठेवायचा? मराठी ग्रामीण कादंबरीच्या समीक्षेने हा प्रश्न या स्पष्टपणे विचारलेला नाही. जीवनदर्शन, मूल्यभान, संघर्ष यांची चर्चा करताना पेरणी आणि तोडणी बरोबर आहेत असे ती गृहीत धरते.

या कसोटीला उतरलेले पुस्तक म्हणजे उद्धव शेळके यांची १९६० ची 'धग'. ती दिवाणजींच्या हाती कशी आली हे महत्त्वाचे आहे. वाचनालयातील फाटलेली पुस्तके जाड पुठ्ठ्यात पुन्हा बांधली जात. या बांधणीत मुखपृष्ठ जाई, बहुधा शीर्षकपानही जाई. उरे तो मजकूर आणि कोठेतरी आतल्या पानावर शिक्क्यात लिहिलेला दाखल क्रमांक. कौतिकची मोलमजुरी, तिचा संसार, तिचे तुटत जाणे हे सारे दिवाणजींनी लेखकाचे नाव ठाऊक नसताना वाचले. त्याआधी आणि त्यानंतरही, तशाच पुठ्ठ्यात बांधलेल्या, रंजक म्हणून वाचनालयात फिरणाऱ्या काही कादंबऱ्या त्यांनी वाचल्या होत्या. त्यांपैकी दोन-तीन कादंबऱ्यांत बायका ज्या रीतीने बोलतात, वाक्य अर्ध्यावर सोडून दुसऱ्या कामाला लागतात, ती रीत त्यांना कौतिकच्या पुस्तकात पुन्हा भेटली. त्यांनी दाखल क्रमांक टिपून घेतले आणि ग्रंथपालाला दाखल नोंदवही काढायला लावली. तीनही नोंदींपुढे एकच नाव होते.

शेळके यांनी पुढे गुजराणीसाठी मोठ्या संख्येने लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. समीक्षेने त्याची मांडणी शिखर आणि उतार अशी केली: 'धग' लिहिणारा लेखक बाजाराच्या मागणीत हरवला. ही मांडणी चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. त्या कादंबऱ्यांपैकी बहुतेक आज वाचवत नाहीत. पण ही मांडणी लेखकाचे नाव आधी ठाऊक असणाऱ्याची आहे. ज्याने ती पुस्तके नावाशिवाय, उलटसुलट क्रमाने वाचली, त्याला उतार दिसला नाही. दिसला तो एकच हात, कधी घाईत आणि कधी सावकाश चालणारा.

रोलां बार्थ याने लेखकाच्या मृत्यूची घोषणा १९६७-६८ च्या सुमारास केली. मराठीत ती घोषणा परिसंवादांतून बरीच फिरली. भिवापूरच्या वाचनालयात बांधणीवाल्याने ते काम सुई-दोऱ्याने केले होते आणि त्याचा अर्थ पॅरिसमधल्यापेक्षा वेगळा होता. मराठीत लेखकाचे नाव हे नुसते नाव नसते. आडनावावरून जात कळते, पुष्कळदा प्रदेश कळतो आणि वाचायला बसण्याआधीच वाचक आपली जागा शोधून बसतो. आपल्यातला की त्यांच्यातला, हे ठरवून. शीर्षकपान नसलेल्या पुस्तकाने दिवाणजींना ही बैठक मिळू दिली नाही. त्यांची अर्धीअधिक अभिरुची अशा बिननावी पुस्तकांवर घडली आहे.

नाव नसले तरी भाषा उरते, आणि भाषाही गाव सांगते. 'धग'च्या बाबतीत हाच पेच आला. पुण्यामुंबईच्या समीक्षेत या कादंबरीची बोली 'वैदर्भीय' म्हणून एका शब्दात आटोपली जाते. भिवापूरच्या कानाला ती परकी आहे. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो. भिवापूरच्या पूर्वेला झाडीपट्टी लागते तेथे त्याचाच 'डोरा' होतो. हिंगणघाटात जन्मलेल्या शेळक्यांची भाषा पहिल्या बाजूची, सातऱ्यावरच्या पुष्कळ बायकांची दुसऱ्या बाजूची. दिवाणजींनी एका हंगामात त्या बायकांना 'धग' वाचून दाखवली. हात थांबले तर मजुरी थांबते, म्हणून वाचन खुडताना चाले. वजनाच्या वेळी मात्र पुस्तक बंद. वाचता वाचता मापात चूक झाली तर भुर्दंड बाईला पडतो. पहिल्या दिवशी संवाद ऐकून बायका हसल्या. वर्धेकडच्या लोकांची नक्कल चालली आहे, असे त्यांना वाटले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हसणे थांबले. वाचनाला उशीर झाला तेव्हा एकीने विचारले, "दिवानजी, त्या बाईचा मंग का झाला?"

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात सविकल्प समाधीचा सिद्धान्त मांडला. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपले 'स्व'पण विसरत नाही, आणि वाङ्मयाचा आनंद या दुहेरी जाणिवेत आहे, असे त्याचे सार. सातऱ्यावरचा अनुभव या सिद्धान्ताशी जुळतो आणि त्याच्यात एक भर घालतो. बायकांचे 'स्व'पण प्रथम त्यांच्या बोलीत होते. कौतिकच्या बोलीहून ती वेगळी असल्यामुळे त्या तिला हसू शकल्या. पुढे त्या कौतिकच्या कामात शिरल्या, बोलीत नव्हे. कौतिकची भाषा हुबेहूब त्यांचीच असती तर हसणे आले नसते हे खरे. समाधी लागली असती का, हे सांगता येत नाही.

दिवाणजींना स्वतःला 'धग' पूर्ण मान्य नाही. ग्रंथपालाशी बोलताना त्यांनी जो आक्षेप घेतला तो या कादंबरीवरच्या कोणत्याही लेखात शोभला असता: "मानसं आमच्यावानी बोलते, पुस्तक तुमच्यावानी सांगते." संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, ही ग्रामीण कादंबरीची रूढ वाटणी. तिच्यामुळे पात्रे बोलतात तेव्हा खाली असतात आणि लेखक सांगतो तेव्हा वर, असे त्यांना वाटते. 'आमच्यावानी' म्हणताना वऱ्हाडी आणि झाडी यांतले अंतर ते तेवढ्यापुरते विसरले, हेही नोंदवले पाहिजे. प्रमाण भाषेसमोर सर्व बोली एका बाजूला जातात. मग संपूर्ण झाडीबोलीतले लेखन त्यांना हवे आहे का? डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या प्रयत्नांनी झाडीबोलीचा अभ्यास उभा राहिला, तिच्यात लिहिणारे पुढे आले, संमेलने भरली. दिवाणजींनी त्यातले काही मिळवून वाचले. ते त्यांना मोठ्याने वाचावे लागते. जी भाषा जन्मभर तोंडात होती ती डोळ्यांना ओळखीची नाही. आधी ओठ हलतात, मग अर्थ लागतो. मनातल्या मनात ते केवळ प्रमाण मराठीच वाचू शकतात. ही गोष्ट त्यांना आवडत नाही आणि ते ती लपवतही नाहीत.

काही वर्षांपूर्वी वाचनालयाच्या खोलीत पावसाचे पाणी शिरले, वाळवी लागली आणि जुन्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा विषय निघाला. सर्वाधिक पुस्तके नेणारा सभासद म्हणून दिवाणजींना निवड करण्यास बोलावण्यात आले. गावच्या वाचकाला समीक्षेचा प्रत्यक्ष अधिकार मिळण्याचा हा प्रसंग दुर्मिळच. त्यांनी जे काढून टाकायला सांगितले त्याने कार्यकारिणी चकित झाली: 'ययाति', 'स्वामी', 'मृत्युंजय' यांच्या जादा प्रती. या कादंबऱ्या त्यांना आवडत नाहीत असे नव्हे; 'मृत्युंजय' त्यांनी दोनदा वाचली आहे. पण त्या कोठेही मिळतील. ठेवायला सांगितली ती पुठ्ठ्यात बांधलेली, कोपरे झिजलेली रंजक पुस्तके, त्यात शेळक्यांची सात-आठ. समितीचे म्हणणे उलट होते आणि तेही निराधार नव्हते: तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याला कपाटात नावाजलेली पुस्तके दिसली पाहिजेत. त्या बैठकीत दिवाणजी एकच वाक्य बोलले, असे सांगतात: "ज्या पुस्तकाइनं 'धग' लिवनाऱ्याचा पोट भरला, ते कसे फेकाचे?" ठराव समितीच्या बाजूने झाला. रद्दीवाला आला तेव्हा दिवाणजींनी ती पुस्तके रद्दीच्याच भावाने घेतली. अकरा किलो भरली. वजन त्यांनी स्वतः पाहिले.

ती आता त्यांच्या घरी, धान्याच्या कोठीवरच्या फळीवर आहेत. त्यात एक पुस्तक असे आहे, ज्याची पहिली सोळा पाने आणि शेवटची काही पाने नाहीत. शिक्क्याचे पान वाळवीने खाल्ले आहे आणि त्या वर्षाची दाखल नोंदवही पाण्यात गेली. त्यामुळे ते कोणाचे, हे कळायला मार्ग नाही. एका तालुक्याच्या गावातील पोस्टमनची ती हकिकत आहे, निवेदन आणि संवाद दोन्ही साध्या प्रमाण मराठीत. गाव कोठले हे भाषेवरूनही उमगत नाही. दिवाणजी दर उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर, ते एकदा वाचतात. त्यातल्या पोस्टमनच्या कामात त्यांना अद्याप चूक सापडलेली नाही. नागपूरला शिकणाऱ्या नातवाने त्यातले एखादे वाक्य मोबाइलवर शोधून लेखकाचे नाव काढून देतो म्हटले. दिवाणजींनी पुस्तक त्याच्या हाती दिले नाही. "नाव समजला का गाव समजते, जात समजते," ते म्हणाले. "राहू दे."